आधी आवाज पक्का करा, मग कात्रजचं पाणी हलवा

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. दुसऱ्या वर्षाचा ग्रुप प्रोजेक्ट, कात्रजच्या पेशवेकालीन नळावर ६ मिनिटांचा व्हिडिओ, तिघांच्या तीन मोबाइलवर मिळून अडीच तासांचं फुटेज, चालेल असा एकच लॅपटॉप आणि तोही ८ जीबी रॅमचा, हातात १२ दिवस, आणि सरांनी सांगितलंय की मोशन ग्राफिक्स, म्हणजे हलत्या आकृत्या आणि अक्षरं, हवेतच, त्याला वेगळे मार्क आहेत. तुम्ही १४ ग्राफिक्सची यादी केलीये आणि विचारताय की एवढ्या दिवसांत आफ्टर इफेक्ट्स हे अडोबीचं अ‍ॅनिमेशनचं सॉफ्टवेअर शिकून होईल का, की दा विंची रिझॉल्व्ह या एडिटिंगच्या सॉफ्टवेअरमध्येच करायचं, की सरळ टेम्प्लेट विकत घ्यायचे.

मी पुण्यातच १६ वर्षं एडिटिंग करतेय, बहुतेक माहितीपट आणि संस्थांच्या फिल्म्स, आणि रविवारी काही मुलांना शिकवते, त्यामुळे हा प्रश्न थोड्याफार फरकाने दरवर्षी माझ्यापुढे येतो. उत्तर आधीच सांगून टाकते म्हणजे घाईत असाल तर लगेच कामाला लागता येईल. आफ्टर इफेक्ट्स आत्ता नको. टेम्प्लेट नको. रिझॉल्व्हच्या एडिट पेजवरच करा, १४ ग्राफिक्सचे २ करा आणि सोबत बोलणाऱ्यांच्या नावाच्या पट्ट्या, आणि सगळ्यात आधी आज रात्रीच निवेदन वाचून रेकॉर्ड करा, मोबाइलवर का होईना. आता हे का ते सांगते, कारण तिघांना "का" पटल्याशिवाय एकमत व्हायचं नाही.

तुमच्या प्रश्नात सॉफ्टवेअरचं नाव तीनदा आलंय, निवेदनाचा उल्लेख एकदाही नाही. मला वाटतं खरी अडचण तिथे आहे. तुम्ही १४ ग्राफिक्स ठरवलेत पण त्यातलं प्रत्येक किती सेकंदांचं हे तुमच्यातल्या कुणालाच माहीत नाहीये, कारण त्याच्यावर कोण काय बोलणार ते अजून ठरलेलं नाही, आणि लांबी माहीत नसताना अ‍ॅनिमेशन करणं म्हणजे माप न घेता ब्लाउज शिवायला टाकणं. हे मी स्वतः केलंय म्हणून सांगते. काही वर्षांपूर्वी एका संस्थेच्या पाण्यावरच्या फिल्मसाठी धरण, कालवा, चाऱ्या, शेत असं ४० सेकंदांचं अ‍ॅनिमेशन मी स्क्रिप्ट नक्की व्हायच्या आधीच करून बसले, ६ दिवस गेले, रात्री जागले, आणि नंतर निवेदन आलं तेव्हा त्या सगळ्या भागाला फक्त एक वाक्य उरलं होतं, ११ सेकंदांचं. ४० सेकंदांची गोष्ट ११ सेकंदांत दाबली तर काहीच कळेना, शेवटी नव्याने केलं. तेव्हापासून आवाज टाइमलाइनवर पडल्याशिवाय मी एकही की-फ्रेम, म्हणजे हालचाल कुठे सुरू होते आणि कुठे संपते त्याची खूण, लावत नाही.

तर पहिलं काम. तिघांपैकी ज्याचा आवाज बरा आहे त्याने संपूर्ण निवेदन मोबाइलवर वाचायचं, चुकलं तर चुकू दे, हा कच्चा आवाज आहे. तो टाइमलाइनवर टाका. त्याच्यावर मुलाखतींचे तुकडे बसवा, मग शनिवारवाड्याचे, तळ्याचे, हौदांचे शॉट बसवा. जिथे दाखवायला काहीच नाही तिथे काळी पाटी टाकायची आणि तिच्यावर पांढऱ्या अक्षरांत लिहायचं, "इथे नकाशा, ७ सेकंद". आता सहाही मिनिटं सलग बघा. फार कुरूप दिसेल, चालेल. पण दोन गोष्टी लगेच कळतील, एक म्हणजे व्हिडिओ कुठे कंटाळवाणा होतोय आणि दुसरं म्हणजे काळ्या पाट्या खरं तर किती आहेत. माझा अंदाज आहे की १४ नसणार.

यादीतलं कुठलं ग्राफिक ठेवायचं हे ठरवायला मी स्वतःला एकच विचारते, हे कॅमेऱ्याला दिसू शकतं का? दिसत असेल तर जाऊन शूट करायचं. तुमच्या यादीत "उच्छ्वासाचं थ्रीडी मॉडेल" आहे. अहो, उच्छ्वास, म्हणजे नळातली हवा बाहेर जायला बांधलेले ते दगडी मनोरे, अजून उभे आहेत, त्यातला एक तुम्ही शूटही केलाय असं लिहिलंय, मग खऱ्या दगडाचा, त्याच्या शेजारून स्कूटर जातेय असा शॉट हातात असताना प्लास्टिकसारखं दिसणारं मॉडेल कशाला? तसंच "नानासाहेब पेशव्यांचं कार्टून", "पाण्याचा थेंब बोलतो", "टायटलमध्ये तळ्याच्या लाटा", हे सगळं काढा. जे कॅमेऱ्याला कधीच दिसणार नाही ते दोनच आहे. एक, कात्रजच्या तळ्यापासून शनिवारवाड्यापर्यंत पाणी कुठून कुठे यायचं, म्हणजे नकाशा. आणि दुसरं, जमिनीखाली नळ कसा होता, पाणी नुसत्या उतारावर कसं वाहायचं आणि मधेमधे उच्छ्वास कशाला बांधले, म्हणजे उभा छेद. या दोन गोष्टी नीट समजल्या तर अठराव्या शतकात पंपाशिवाय शहरात पाणी कसं आलं हे बघणाऱ्याला आयुष्यभर लक्षात राहील, आणि सर त्यालाच मार्क देतील. निदान माझ्याकडे तपासायला आलं असतं तर मी दिले असते.

आता सॉफ्टवेअर. इथे परिस्थितीवर अवलंबून आहे हे मान्य करते. कॉलेजच्या लॅबमध्ये १६ किंवा ३२ जीबी रॅमची मशिन्स असतील, त्यावर अडोबीचं लायसन्स असेल आणि संध्याकाळी लॅब उघडी मिळत असेल, आणि तिघांपैकी एकाने आफ्टर इफेक्ट्स आधी थोडं वापरलेलं असेल, तर माझं उत्तर वेगळं असतं. पण अडोबी स्वतःच आफ्टर इफेक्ट्सला किमान १६ जीबी रॅम मागतं, तुमच्याकडे ८ आहे, म्हणजे प्रत्येक प्रीव्ह्यूला चहा करून यावा लागेल. रिझॉल्व्हचं फुकट व्हर्जन तुमच्या कामाला पुरून उरतं. ८ जीबीवर तेही दमेल, विशेषतः त्यातलं अ‍ॅनिमेशनचं फ्यूजन पेज, म्हणून मी तुम्हाला फ्यूजनमध्ये शिरायलाच लावत नाहीये. एडिट पेजवर क्लिप निवडली की उजवीकडे इन्स्पेक्टर उघडतो, त्यात पोझिशन (जागा), झूम, क्रॉप (कडा कापणं) आणि ओपॅसिटी (किती ठळक दिसावं), प्रत्येकापुढे एक छोटा चौकोनी हिरा असतो, तो दाबला की की-फ्रेम लागते. एवढ्या चारच गोष्टींवर तुमचे दोन्ही ग्राफिक्स होतात.

प्रोजेक्ट सुरू करताना एक गोष्ट मात्र विसरू नका, नाहीतर पाचव्या दिवशी रडायची वेळ येईल. रिझॉल्व्हमध्ये नवीन प्रोजेक्ट उघडला की फ्रेम रेट, म्हणजे सेकंदाला किती चित्रं, आपोआप २४ असतो, आणि एकदा फुटेज आत घेतलं की तो बदलता येत नाही. मोबाइल बहुतेक ३० वर शूट करतात, म्हणून फुटेज आत टाकायच्या आधी सेटिंगमध्ये जाऊन टाइमलाइन ३० करा. दुसरं, मोबाइलचा ३० हा खरा ३० नसतो, तो प्रकाश कमी झाला की आपोआप खाली-वर होतो, आणि मग लांब मुलाखतीत शेवटी शेवटी ओठ आणि आवाज जुळेनासे होतात. सगळ्या क्लिप आधी हँडब्रेक किंवा शटर एन्कोडर यापैकी एका फुकट सॉफ्टवेअरमधून कॉन्स्टंट फ्रेम रेटवर काढून घ्या. रात्रभर लावून ठेवा. मग रिझॉल्व्हमध्ये सगळ्या क्लिप निवडून राइट क्लिक करून प्रॉक्सी, म्हणजे एडिटपुरत्या हलक्या नकला, बनवा, लॅपटॉप लगेच श्वास घ्यायला लागेल.

तुम्ही म्हणताय की प्राध्यापकांच्या मुलाखतीत मागे काळे पट्टे सरकताना दिसतात. ती ट्यूबलाइट आहे. आपल्याकडे वीज ५० हर्ट्झची, म्हणून ट्यूब सेकंदाला १०० वेळा मंद-तेज होते, आणि मोबाइलचा शटर १/६० वर असेल तर दोघांचा ताल जुळत नाही. प्रो मोडमध्ये जाऊन शटर १/५० किंवा १/१०० केला की पट्टे जातात. ते पट्टे नंतर काढत बसण्यापेक्षा त्या प्राध्यापकांना विनंती करून १० मिनिटांत परत शूट करा, खिडकीजवळ बसवा आणि ट्यूब बंदच ठेवा.

आता नकाशा. गूगल मॅपचा स्क्रीनशॉट घेऊन त्यावर लाल रेघ ओढू नका, त्यात पिझ्झाची दुकानं आणि पेट्रोल पंप दिसत राहतात आणि बघणारा स्वतःचं घर शोधत बसतो. ओपनस्ट्रीटमॅप हा खुला नकाशा समोर ठेवून इंकस्केप या चित्र काढायच्या फुकट सॉफ्टवेअरमध्ये हाताने ट्रेस करा, शेवटी श्रेयनामावलीत ओपनस्ट्रीटमॅपच्या योगदानकर्त्यांचं श्रेय द्यायला विसरू नका, ती त्यांची अट आहे. नकाशात काय घ्यायचं? मुठा नदी, शनिवारवाडा, स्वारगेट, पद्मावती, कात्रजचं तळं. बास. स्वारगेट आणि पद्मावती एवढ्यासाठी की आजच्या माणसाला आपण कुठे आहोत ते पटकन कळावं. कॅनव्हास ३८४० बाय २१६० घ्या, म्हणजे १९२० च्या व्हिडिओत झूम केलं तरी रेघा फुटणार नाहीत. आणि तीन वेगळ्या पारदर्शक पीएनजी, म्हणजे मागची बाजू रिकामी असलेल्या चित्रफाइल्स, काढा, तळाचा नकाशा, नळाची निळी रेघ, आणि नावं.

मुख्य गंमत इथे आहे. रेघ आपोआप ओढली जातेय असं दाखवायला लोक पाथ, स्ट्रोक, ट्रिम पाथ वगैरे शिकत बसतात. तुम्हाला त्याची गरजच नाही, कारण कात्रज दक्षिणेला आणि शनिवारवाडा उत्तरेला, म्हणजे नकाशात पाणी खालून वर जातं. रेघेच्या पीएनजीला इन्स्पेक्टरमध्ये क्रॉप टॉप लावा, सुरुवातीला एवढा की रेघ दिसतच नाही, आणि शेवटी शून्य. बघा, रेघ तळ्यातून निघून वर वर सरकत जाते. क्रॉपखालीच सॉफ्टनेस आहे, तो थोडा वाढवला की टोक कापल्यासारखं न दिसता पाणी झिरपत पुढे गेल्यासारखं दिसतं. मी हे पहिल्यांदा मुलांना दाखवलं तेव्हा एकीने विचारलं होतं की एवढंच? हो, एवढंच. फक्त नळाचा मार्ग अंदाजाने काढू नका, तुमच्या मार्गदर्शकांकडे जो नकाशा आहे त्यावरून काढा, आणि जिथे मार्ग नक्की माहीत नाही तिथे रेघ तुटक करा. तुटक रेघ दाखवण्यात कमीपणा काही नाही, उलट तुम्ही अभ्यास केलाय हे तिच्यातूनच दिसतं.

वेळेचं गणित असं. समजा निवेदनात वाक्य आहे, "कात्रजच्या तळ्यातून निघालेलं पाणी जमिनीखालच्या नळातून थेट शनिवारवाड्यापर्यंत यायचं", आणि ते वाचायला ७ सेकंद लागतात, म्हणजे ३० च्या हिशोबाने २१० फ्रेम. रेघ "निघालेलं" या शब्दावर सुटायला हवी, पहिल्या शब्दावर नाही. आणि "शनिवारवाड्यापर्यंत" मधला "वाडा" ऐकू येतो तेव्हा ती पोचलेली हवी. त्यानंतर निदान ६० फ्रेम, म्हणजे २ सेकंद, काहीही हलवू नका. ही थांबण्याची जागा मुलं हमखास खाऊन टाकतात, रेघ पोचली रे पोचली की पुढचा शॉट, मग बघणाऱ्याच्या डोळ्यांना सगळा मार्ग एकदा परत फिरून बघायला वेळच मिळत नाही. अ‍ॅनिमेशनमध्ये न हलणाऱ्या फ्रेम्स मला हलणाऱ्यांपेक्षा जास्त महत्त्वाच्या वाटतात.

आणि हलताना एकसारख्या वेगाने हलवू नका. स्वारगेटवरून बस सुटते ती कशी, आधी हळू, मग वेग घेते आणि स्टॉप आला की हळूहळू थांबते, ड्रायव्हरने गच्चकन ब्रेक मारला तर उभी असलेली सगळी माणसं पुढच्यावर पडतात. तुमच्या ग्राफिकलाही तेच. टाइमलाइनवर क्लिपच्या खालच्या उजव्या कोपऱ्यात वळणाचं चिन्ह दिसेल, तिथे क्लिक केलं की आलेख उघडतो, की-फ्रेमवर राइट क्लिक करून इझ इन, इझ आउट करा. नावाची पट्टी आत यायला १२ ते १५ फ्रेम, बाहेर जायला ८ ते १०. उसळ्या मारणं, गिरकी घेणं, काही नको.

उभ्या छेदाला थोडं चित्र काढावं लागेल, तिघांपैकी ज्याचा हात चांगला आहे त्याच्याकडे द्या. चार थर करायचे. सगळ्यात मागे आकाश. त्याच्यापुढे नळातलं पाणी, म्हणजे निळ्या रंगावर फिकट निळे आडवे फराटे, आणि ही पीएनजी पडद्याच्या दुप्पट रुंद ठेवा. त्याच्यापुढे मातीचा थर, ज्यात नळाच्या जागी भोक ठेवायचं. सगळ्यात पुढे नावं आणि बाण. आता पाण्याचा थर पोझिशन एक्सवर सावकाश सरकवा, मातीतल्या भोकातून पाणी वाहताना दिसेल, मास्क वगैरे काही लागत नाही. आणि इथे मात्र इझ लावायचं नाही, कारण वाहतं पाणी थांबत नसतं, एकसारखंच सरकू द्या. पाणी उच्छ्वासाखाली आलं की हवा वर जाण्याचे तीन छोटे बाण ओपॅसिटीने उमटवा, एकदम तिन्ही नको, ४-४ फ्रेमच्या अंतराने. मग "उच्छ्वास" हा शब्द. क्रम कायम असाच ठेवा, आधी गोष्ट दिसते आणि मग तिचं नाव येतं, उलट केलं तर माणूस वाचत बसतो आणि बाण बघायचे राहतात.

उताराबद्दल एक प्रामाणिकपणा पाळा. तळं ते शनिवारवाडा सरळ रेषेतलं अंतरच साडेसात किलोमीटरच्या आसपास आहे. ७,५०० मीटर १९२० पिक्सेलमध्ये बसवले की एक पिक्सेल जवळजवळ ४ मीटरचा होतो, मग माणूस आत उभा राहील एवढा नळ अर्ध्या पिक्सेलचा. म्हणजे खऱ्या मापात ही आकृती काढताच येत नाही. उंची वाढवूनच दाखवावी लागेल, आणि ते बरोबरच आहे, पण कोपऱ्यात "आकृती प्रमाणात नाही" एवढं लिहा. इतिहासाच्या किंवा इंजिनिअरिंगच्या कुणी बघितलं तर पहिला प्रश्न हाच येईल.

आता ज्यावर मला सगळ्यात जास्त बोलायचंय ते, मराठी अक्षरं. टेम्प्लेट नको म्हणाले त्याचं खरं कारणही हेच. विकत मिळणारे बहुतेक टेम्प्लेट रोमन कॅपिटल अक्षरांसाठी बनवलेले असतात, एकेक अक्षर सुटं उडत येतं. आपलं अक्षर सुटं नसतं. टाइपरायटर इफेक्ट लावून "कात्रज" आणलंत तर पडद्यावर आधी क, मग का, मग कात, मग पाय मोडलेला कात्, आणि मग अचानक कात्र असं दिसतं, म्हणजे वाचणाऱ्याच्या डोळ्यांसमोर एवढी सगळी चुकीची रूपं येऊन जातात. पुढे कधी आफ्टर इफेक्ट्स केलंत तर अ‍ॅनिमेटरमध्ये कॅरेक्टरऐवजी वर्ड्स निवडा, शब्द अख्खा येऊ दे. तसंच अक्षरांमधलं अंतर वाढवू नका. इंग्रजीत अंतर वाढवलं की भारदस्त दिसतं, आपल्यात शिरोरेषा तुटते आणि "पेशवे" चे तीन तुकडे वाळत घातल्यासारखे दिसतात. दोन ओळींमधलं अंतर मात्र इंग्रजीपेक्षा जास्त ठेवा, नाहीतर वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या मात्रेत घुसतो.

तुमच्या नशिबाने तुमच्या विषयातच उत्तम परीक्षा आहे. ज्या सॉफ्टवेअरमध्ये मजकूर टाकणार तिथे आधी "उच्छ्वास" टाइप करा. त्यात च, छ आणि व असे तिघं एकमेकांना जोडलेले आहेत. नीट जुळला तर बाकी सगळं जुळेल. सोबत "पेशव्यांच्या", "दुरुस्ती" आणि "निर्मिती" हेही टाकून बघा, वेलांटी अक्षराच्या योग्य बाजूला येतेय का आणि रफार जागेवर बसतोय का ते दिसेल. तुटत असेल तर भांडत बसू नका, इंकस्केपमध्ये किंवा लिबरऑफिसमध्ये तोच मजकूर टाइप करून पारदर्शक पीएनजी काढा आणि चित्र म्हणून टाका. आफ्टर इफेक्ट्स किंवा अडोबीच्याच प्रीमिअरमध्ये हा प्रश्न आला आणि तुमच्या व्हर्जनमध्ये पर्याय असेल, तर प्रेफरन्सेसमध्ये टेक्स्ट इंजिन "साउथ एशियन अँड मिडल ईस्टर्न" करायचं आणि मजकुराचा लेअर नव्याने बनवायचा, अर्ध्याहून जास्त तक्रारी तिथेच संपतात.

फॉन्ट युनिकोडच घ्या. कॉलेजच्या जवळच्या डीटीपीवाल्याकडून टायटल करून आणलंत आणि ते जुन्या श्रीलिपी किंवा कृतीदेवमध्ये असेल तर तुमच्या लॅपटॉपवर ते इंग्रजी अक्षरांची खिचडी दिसणार. मुक्ता, बालू, नोटो सान्स देवनागरी, तिरो देवनागरी मराठी, हे सगळे फुकट आहेत. मी तुमच्या जागी असते तर नावांना मुक्ता आणि टायटलला तिरो मराठी घेतला असता, कारण त्यात ल आणि श मराठी वळणाचे येतात, आपल्याला शाळेत शिकवले तसे. कुणाच्या लक्षात येणार नाही असं म्हणाल, पण पुण्यात येतं. आणि शुद्धलेखन तिघांव्यतिरिक्त चौथ्या माणसाकडून तपासून घ्या, घरातली मावशी, आजी, कुणीही. रेंडर झाल्यावर, म्हणजे शेवटची फाइल निघाल्यावर, ऱ्हस्व-दीर्घ सापडलं की फार जिवाला लागतं.

पट्टी पडद्यावर किती वेळ ठेवायची? ती सावकाश दोनदा मोठ्याने वाचून होईल एवढा वेळ. "प्राध्यापक, इतिहास विभाग" यासारख्या पट्टीला ४ सेकंद होतात.

आवाजाबद्दल थोडक्यात, कारण ते तुम्ही विचारलेलं नाही पण त्याच्यावरच सगळं उभं आहे. पक्कं निवेदन रात्री ११ नंतर रेकॉर्ड करा, पंखा बंद, फ्रिज असलेल्या खोलीत नको, आणि डोक्यावरून गोधडी घेऊन मोबाइल तोंडापासून एक वीत लांब, थोडा बाजूला धरा. वाईट दिसतं पण भिंतींचा घुमा जातो. आवाजाची उंच टोकं उणे १२ ते उणे ६ डेसिबलच्या मध्ये ठेवा आणि संगीत बोलण्यापेक्षा १८-२० डेसिबल खाली. संगीत यूट्यूब ऑडिओ लायब्ररीतून घ्या. सातारा रोडच्या शॉटचा रहदारीचा आवाज पूर्ण काढू नका, उलट तो पुढच्या शॉटच्या आधी अर्धा सेकंद सुरू होऊ द्या, तळ्याच्या शांततेतून माणूस आजच्या पुण्यात येतो ते कानाला आधी कळू दे.

आणखी एक, जे दरवर्षी कुणाच्या तरी वाट्याला येतं. रिझॉल्व्हचा प्रोजेक्ट तुमच्या फोल्डरमध्ये नसतो, तो सॉफ्टवेअरच्या आतल्या डेटाबेसमध्ये असतो. फोल्डर पेन ड्राइव्हवर कॉपी केला की सगळं आलं असं वाटतं, पण त्यात फक्त फुटेज असतं, एडिट नसतं. माझी एकदा डिस्क गेली तेव्हा फुटेज तीन ठिकाणी होतं आणि ९ दिवसांचं एडिट कुठेच नव्हतं. रोज रात्री प्रोजेक्ट मॅनेजरमध्ये राइट क्लिक करून एक्सपोर्ट करा, डीआरपी फाइल येते, अगदी छोटी, ती तिघांनाही मेल करा. फाइलच्या नावात तारीख घाला, "फायनल फायनल २" नको.

दिवसांची वाटणी मी अशी केली असती. आज आणि उद्या कच्चा आवाज, फुटेज कन्व्हर्ट, प्रॉक्सी. तिसरा ते पाचवा दिवस फक्त कापाकापी, काळ्या पाट्यांसकट ६ मिनिटं, आणि पाचव्या दिवशी संध्याकाळी सरांना दाखवा, बदल सांगायचे असतील तर आत्ता सांगू देत. सहाव्याला पक्का आवाज. त्याच वेळी चित्र काढणारा छेदाचे थर काढतोय आणि तिसरा नकाशा ट्रेस करतोय, लॅपटॉप एकच आहे पण इंकस्केप कुठल्याही जुन्या मशिनवर चालतं, म्हणून हे काम वाटता येतं. सात ते नऊ दोन्ही ग्राफिक्स आणि पट्ट्या. दहाव्याला आवाज आणि रंग. अकराव्याला रेंडर, एच २६४, १०८०, बिटरेट १२ एमबीपीएस, ६ मिनिटांची फाइल साधारण ५४० एमबी होईल. ती व्हॉट्सअ‍ॅपवर व्हिडिओ म्हणून पाठवू नका, दाबून चोथा होतो, पेन ड्राइव्हवर न्या. बारावा दिवस मोकळा ठेवा, तो भरतोच.

प्रोजेक्टर मात्र बाराव्या दिवसापर्यंत थांबवू नका. नकाशाची पहिली पीएनजी तयार झाली की त्याच दिवशी सेमिनार हॉलमध्ये जाऊन ती लावून बघा, शिपाईकाकांना सांगून पाच मिनिटं हॉल उघडून घ्या. लॅपटॉपवर छान दिसणारा फिकट निळा रंग जुन्या प्रोजेक्टरवर पांढऱ्यातच मिसळून जातो, आणि तुमचं सगळं पाणीच निळं आहे. एकाने शेवटच्या रांगेत बसायचं आणि "पद्मावती" वाचता येतंय का ते सांगायचं. येत नसेल तर अक्षर मोठं करा, रेघ जाड करा, निळा गडद करा, पडदे ओढून आणि पडदे न ओढता दोन्ही वेळा बघा. आणि कच्चा आवाज टाकून झाला की छेदावरचं वाक्य किती सेकंदांचं झालं तेवढं इथेच लिहा, बाण कुठल्या फ्रेमला आणायचे ते मी मांडून देते.